धरतरी, गावतरी, कणसरी : वारल्यांच्या जगाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील रानभाज्यांवरच्या टिपणात ‘वारली माणूस पहिल्या पावसानंतर उगवणारी कोळीची भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाही’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. टिपण भाज्यांचे होते. परंतु आलेल्या पत्रांचा रोख बहुतांशी त्या एका वाक्यावर आहे. म्हणून या वेळचे सदर वारली या आदिवासी समाजाची जगाकडे पाहण्याची रीत आणि त्यांचे रानाशी, जमिनीशी, जनावरांशी असलेले नाते या एकाच विषयाला दिले आहे. वारल्यांची वस्ती मुख्यतः पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत, ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांच्या काही भागांत, मुंबईतील आरे व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील पाड्यांवर आणि सीमेपलीकडे गुजरात व दादरा-नगर हवेलीत आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील त्यांची संख्या आठ लाखांच्या आसपास नोंदली गेली. मी स्वतः वारली नाही. बरीच वर्षे या भागात जाऊन-येऊन जे पाहिले, ऐकले आणि वाचले त्यावर ही उत्तरे आधारलेली आहेत, आणि पाड्यागणिक रीत बदलते हे ध्यानात ठेवूनच ती वाचावीत.

प्रश्न : मी सातवीच्या वर्गाला शिकवते. ‘आदिवासी निसर्गपूजक असतात’ हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. यंदा एका मुलीने विचारले, ‘बाई, आपणही वडाची पूजा करतो, नागाची करतो, मग आपण निसर्गपूजक नाही का?’ मला तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही. फरक नेमका कोणता?

उत्तर : तुमच्या विद्यार्थिनीने वर्मावर बोट ठेवले आहे. ‘निसर्गपूजक’ हा शब्द खोटा नाही, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. पूजा म्हटली की पूजणारा एका बाजूला आणि पूज्य वस्तू दुसऱ्या बाजूला अशी विभागणी आपण मनात करून टाकतो, आणि मग निसर्ग म्हणजे घराबाहेर कुठेतरी असलेली, सणावारी जिला हळदकुंकू वाहायचे अशी एक गोष्ट होऊन बसते. पाड्यावरच्या बोलण्यात मी ‘निसर्ग’ हा शब्द क्वचितच ऐकला आहे. तिथे रान असते, डोंगर असतो, ओहोळ असतो, खळे असते, आणि त्या प्रत्येकाशी माणसाचे काहीतरी देणेघेणे असते.

वारल्यांच्या गाण्यांत आणि कथांत तीन नावे एकत्र येतात : धरतरी, गावतरी आणि कणसरी. धरतरी म्हणजे जमीन, गावतरी म्हणजे गाय आणि कणसरी म्हणजे कणसात भरणारे धान्य. तिघींना आई मानले जाते. आता आईशी आपण कसे वागतो ते आठवून पाहा. तिला आपण रोज ओवाळत नाही. तिच्या हातचे खातो, तिच्यावर रुसतो, तिचे मन मोडले तर दिवसभर बेचैन राहतो आणि तिचे देणे फिटणारे नाही हेही मनोमन जाणतो. वारल्यांचे जमिनीशी आणि धान्याशी असलेले नाते या जातीचे आहे. कणसरी रुसू शकते, घर सोडून जाऊ शकते, आणि तिची समजूत काढून तिला परत आणावे लागते. तिच्या कथा घांगळीवर गातात. बांबूच्या दांड्याला दोन भोपळे जोडून केलेले हे तारांचे वाद्य आहे आणि त्याच्या साथीने चाललेली कथा रात्र-रात्र संपत नाही.

एकदा भाताची झोडणी चालू असताना मी खळ्याच्या कडेला उभा होतो. काम संपत आले, पुरुष पेंढा रचायला गेले, आणि एक म्हातारी बाई खळ्याच्या कडेच्या गवतात बसून उडालेले दाणे एकेक करून पदरात गोळा करू लागली. पसाभरही भात जमले नसते आणि तिची पाठ दुखत असल्याचे दिसत होते. मी सहज म्हणालो, ‘आजी, राहू द्या की, पाखरे खातील.’ त्यावर ती म्हणाली, ‘पाखरांनी खाल्ली तं त्यांचा वाटा झाला. माणसाच्या पायाखाली आली तं ती रुसंल.’ त्या वाक्यात ‘ती’ हे सर्वनाम तिने ज्या सहजतेने वापरले, तेवढ्यावरून मला पुष्कळ उमगले.

कोळीच्या भाजीचेही असेच आहे. मृगाच्या सरी पडल्या की गवतासारखी हिरवी, नाजूक पात जमिनीतून वर येते. इतरत्र तिला कुळी किंवा फोडशी म्हणतात. कित्येक महिन्यांच्या सुक्या आहारानंतर ती समोर दिसत असते, तरीही सणाचा दिवस ठरेपर्यंत तिला हात लागत नाही. देवाचा आणि पूर्वजांचा वाटा निघतो आणि मगच घरोघरी भाजी शिजते. नव्या भाताचे तसेच. या रिवाजामुळे कोवळ्या रोपाला वाढायला सवड मिळते हे खरे आहे आणि शहरातून आलेल्या अभ्यासकाला नेमके तेवढेच दिसते. पण पाड्यावर कारण विचारले तर सवडीची गोष्ट कोणी सांगत नाही. ‘आधी आपणच खाल्ले तर त्याचा वाटा कुठे राहिला?’ असे उत्तर मिळते. मला हे उत्तर अधिक खोल वाटते, कारण त्यात रान हा जेवायला बसलेल्या पंगतीतला एक जण आहे.

तुमच्या विद्यार्थिनीला असे सांगता येईल की, पूजा कोण करते यापेक्षा पहिला घास कोणाचा आणि परवानगी कोणाची घ्यायची, हे पाहा. आणि तिला हेही सांगा की तिचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. मराठी शेतकरी जमिनीला ‘काळी आई’ म्हणतो ते उगीच नाही; आपल्याकडे ते नाते पुसट होत गेले, वारल्यांकडे ते अजून बोलते आहे.

प्रश्न : आमचे गृहसंकुल ठाण्यात, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीजवळ आहे. रात्री कॅमेऱ्यात बिबट्या दिसला की आमच्याकडे धावपळ उडते, पिंजरा लावा म्हणून अर्ज जातात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या वारली ताई मात्र शांतपणे म्हणतात, ‘तो त्याच्या वाटेनं जातो, तुम्ही त्याच्या वाटंत उभं राहू नका.’ त्यांच्या पाड्यावर वाघोबाचे ठाणे आहे. ही भीती आहे, श्रद्धा आहे की आणखी काही?

उत्तर : तिन्ही आहे, आणि या तिन्हींना बांधून ठेवणारा एक करार आहे.

वाघोबा हा वारल्यांचा फार महत्त्वाचा देव. पट्टेरी वाघ या भागातून नाहीसा झाला असला तरी ‘वाघ’ या शब्दात बिबट्याही येतो, त्यामुळे देवाचे काम थांबलेले नाही. त्याची ठाणी रानाच्या तोंडाशी, पायवाटेच्या वळणावर किंवा गावाच्या शिवेवर असतात. लाकडाचा किंवा दगडाचा उभा खांब, त्यावर शेंदूर, कोरलेला वाघ आणि त्याच्या वर सूर्य-चंद्र. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत संशोधकांनी पायी फिरून अशा ठाण्यांची नोंद केली तेव्हा त्यांना दीडशेहून अधिक ठाणी सापडली. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. महानगराच्या कुशीत एवढी ठाणी आजही शेंदराने माखलेली आहेत, ही गोष्ट मला कोणत्याही आकडेवारीपेक्षा बोलकी वाटते.

वाघोबाच्या जन्माची कथा तपशिलात बदलते, पण गाभा असा : एका बाईच्या पोटी आलेले मूल वाघाचे रूप घेते आणि गावाची जनावरे खाऊ लागते. गाव संतापते. आई मध्ये पडते आणि लेकराची व गावाची तडजोड घडवून आणते. लेकराने रानात राहायचे; गावाने वर्षातून एकदा त्याचा मान त्याला द्यायचा, आणि तो मान मिळाला तर त्याने माणसांना राखायचे. वसुबारसेच्या दिवशी, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, वारली वाघबारस पाळतात ती या कराराची आठवण आहे. गुराखी आणि घरचे कर्ते ठाण्यावर जमतात, कोंबडा किंवा बोकड देतात, तिथेच रांधतात आणि जेवतात.

या कथेत वाघ परका नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. तो गावातल्याच एका बाईचा मुलगा आहे. तो वाईट वागला, त्याला वेगळे राहायला सांगितले गेले, पण नाते तोडले गेले नाही. आपल्या घरातला एखादा तापट माणूस वेगळा राहायला गेला तरी सणाला त्याच्याकडे ताट जातेच, त्यातली ही भावना आहे. म्हणून बिबट्याने शेळी नेली तर वारली घरात दुःख होते, रागही येतो, कारण एक शेळी म्हणजे त्या घराची अडीअडचणीची ठेव असते. तरीही पुष्कळदा पहिला प्रश्न असा निघतो की, आपल्याकडून त्याचा काही मान राहून गेला का?

आता तुमच्या ताईंच्या वाक्यातल्या व्यवहाराकडे येऊ. ‘त्याची वाट’ ही केवळ काव्यमय कल्पना नाही. बिबट्या आपल्या क्षेत्रात ठरावीक वाटांनी फिरतो, आणि त्याला उचलून दुसरीकडे नेऊन सोडले तर काय होते याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे इतरत्र सोडल्यानंतर, जिथे ते सोडले त्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले, असे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. घर हरवलेला प्राणी अधिक धोक्याचा ठरतो. पिंजऱ्यासाठी अर्ज करण्याआधी संकुलाच्या बैठकीत हा मुद्दा जरूर मांडा.

मात्र एक सावधगिरीचा शब्द. वाघोबाला मानतात म्हणून वारली पाड्यांना बिबट्याचा त्रास होत नाही असे मुळीच समजू नका. अंधारात ओढ्यावर किंवा उघड्यावर जावे लागणाऱ्या मुलांना आणि बायांना धोका तुमच्या संकुलापेक्षा अधिक असतो. घरात नळ आणि शौचालय, वाटेवर दिवा, शेळ्यांसाठी बंद गोठा आणि जनावर गेले तर वेळेवर नुकसानभरपाई, एवढे त्यांना मिळायलाच हवे. त्यांची श्रद्धा ही आपल्या हलगर्जीपणाची सबब होता कामा नये.

प्रश्न : ‘वारली’ हे नाव कशावरून पडले? त्यांचे देव कोणते?

उत्तर : ‘वारल’ म्हणजे लागवडीखाली आणलेला जमिनीचा लहान तुकडा, आणि त्यावरून वारली, ही व्युत्पत्ती सर्वांत अधिक सांगितली जाते. देवांपैकी वाघोबा वर आलाच. नारनदेव पावसाचा, हिरवा घरातला. मोरपिसांच्या जुडीच्या रूपाने त्याला घरात जपून ठेवतात. हिमाई आहे, पूर्वजांचे वीर आहेत, डहाणूजवळच्या महालक्ष्मीची चैत्रातली यात्रा आहे. यांतले कोणते ‘मूळचे’ आणि कोणते ‘बाहेरून आलेले’ या वादात शिरण्याची मला इच्छा नाही, कारण तो वाद बहुधा बाहेरच्यांनाच अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : आदिवासींचे गोडवे वाचून मी आता कंटाळलो आहे. नोकरीनिमित्त मी पाच वर्षे जव्हार भागात होतो. ऐनाची झाडे फांद्या छाटून बोडकी केलेली मी पाहिली आहेत, राबासाठी उन्हाळ्यात धुराने भरलेली शिवारे पाहिली आहेत. हे जर रानाशी असलेले ‘नाते’ असेल तर रानाचे काही खरे नाही.

उत्तर : तुम्ही जे पाहिले ते खरे आहे आणि ते मीही पाहिले आहे. म्हणूनच या पत्राला सविस्तर उत्तर देतो.

आधी राब म्हणजे काय ते पाहू. कोकणातील उतारावरच्या, धुपून पातळ झालेल्या जमिनीत भाताचे किंवा नागलीचे रोप नीट उठत नाही आणि तण मात्र झपाट्याने माजते. म्हणून रोपवाटिकेच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या आणि गवत यांचे थर देऊन उन्हाळ्याच्या शेवटी ते जाळतात. त्या आचेने तणाचे बी मरते, राख जमिनीला मिळते आणि रोप जोमदार येते. जळतो तो शेताचा छोटा तुकडा. त्यासाठी लागणारा पाला मात्र रानातून येतो. शेंडा राखून फांद्या उतरवल्या तर ऐन पुन्हा पालवतो, आणि पूर्वी एका वर्षी या उतारावरचा, पुढच्या वर्षी त्या उतारावरचा पाला काढण्याइतके रान भोवती होते.

ते रान गेले कुठे? १८७८ च्या वन कायद्याने इंग्रज सरकारने जंगले राखीव करण्याचा सपाटा लावला. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत राबाच्या हक्कावरून एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. म्हणजे तुम्ही विचारलेला प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षे जुना आहे. एकीकडे पाला तोडणाऱ्या वारल्याला दंड होत होता आणि दुसरीकडे त्याच जंगलातून इमारती लाकूड व कोळसा मुंबईच्या बाजारात जात होता. ती तोड करायला राबत होते तेही बहुतांशी वारलीच, ठेकेदाराच्या आणि जमीनदाराच्या दावणीला बांधलेले. जमिनी सावकारांकडे गेल्या, वेठबिगारी आली. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकर या कम्युनिस्ट कार्यकर्त्या दांपत्याच्या साथीने, वारली उठले तेव्हा त्यांची एक मागणी पाचशे पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मजुरी ही होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली.

हा इतिहास मी सबब म्हणून सांगत नाही. माझे म्हणणे असे आहे की, नात्याचे नियम पाळायला माणसाच्या हाती निर्णय असावा लागतो. ‘यंदा हा उतार राखू’ असे पाड्याने ठरवायचे, तर पुढच्या वर्षी त्या उतारावर आपला हक्क असेल याची खात्री लागते. उद्या कोणीही ठेकेदार येऊन तो उतार साफ करील अशी स्थिती असताना आज फांदी राखणाऱ्याला लोक वेडाच म्हणतील. शंभर वर्षे अशी गेल्यावर काही ठिकाणी संयमाची सवय मोडली. चोरट्या लाकडाच्या गाडीला हातभार लावणारा वारली तरुण मी पाहिला आहे, आणि त्याच्यावर चिडलेले त्याचे आजोबाही पाहिले आहेत. तेव्हा सगळे वारली आजही त्या जुन्या नियमांनी चालतात असा दावा मी करणार नाही.

दुसरी बाजूही पाहावी. आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने आणि त्याखालील राज्याच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेला गौण वनोपजावर, म्हणजे मध, डिंक, बांबू यांसारख्या रानातल्या उत्पन्नावर, अधिकार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, कमाल ४ हेक्टरपर्यंतची जमीन आदिवासी कुटुंबाच्या नावे करण्याची तरतूद केली. माझ्या मते त्याहूनही मोलाची तरतूद सामूहिक वनहक्काची आहे, कारण तिच्यात गावाला आपल्या पारंपरिक रानाचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार मिळतो. महाराष्ट्रात असा हक्क २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला प्रथम मिळाला आणि तिथल्या ग्रामसभेने रानाचा कारभार स्वतः चालवून दाखवला. पालघरमध्ये वैयक्तिक दाव्यांच्या फायलींत सारी शक्ती खर्च होते आणि सामूहिक हक्काकडे दुर्लक्ष होते, याची मला खंत वाटते. तुमच्या पाच वर्षांच्या अनुभवाचा उपयोग एखाद्या ग्रामसभेला आपल्या रानाचा आराखडा तयार करण्यासाठी झाला, तर त्या बोडक्या ऐनांचे भले होईल. हे मी मनापासून सुचवतो आहे.

प्रश्न : मी पुण्यात साड्यांवर आणि कुर्त्यांवर वारली चित्रे काढून विकते. या चित्रांना धार्मिक अर्थ असतो असे अलीकडे ऐकले आणि मन खट्टू झाले. चौकोनाच्या मधोमध असते ती आकृती कोणाची? मी चुकीचे करत आहे का?

उत्तर : मधली आकृती पालघट देवीची. ती वनस्पतींची, वाढीची, गर्भधारणेची देवी. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या आतल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठीने लग्नचौक लिहितात; बांबूच्या काडीचे टोक चावून त्याचीच कुंचली करतात. चौकाभोवती नक्षीच्या पट्ट्या, आत पालघट, बाहेर सूर्य, चंद्र, झाडे, फणी, शिडी. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा देव पंचशिऱ्या. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. आपल्याकडे लग्नाचे पौरोहित्य बहुतेक पुरुषांच्या हाती राहिले असताना इथे एक स्त्री गाण्याने लग्न लावते, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे.

या चौकाचा आणि आपल्या विषयाचा संबंध असा की, लग्न दोन माणसांचे असले तरी त्याला देवी, झाडे, जनावरे आणि आकाश या सर्वांची उपस्थिती लागते. चित्रात माणूस आकाराने झाडापेक्षा मोठा काढलेला नसतो. मुंगी, मोर, ताडावर चढणारा माणूस आणि नाचणाऱ्यांची फेरी हे सारे एकाच मापाच्या त्रिकोणांतून आणि रेषांतून उभे राहतात. त्या फेरीतला तारपा वाजवणारा तर तुम्ही शेकडो वेळा काढला असेल. त्याचे वाद्य सुकलेल्या भोपळ्याचे, बांबूच्या नळ्यांचे आणि ताडाच्या पानांचे, मेणाने सांधलेले असते. भोपळा वेलाचा, मेण मधमाशीचे, आणि ते वाजू लागते नवे भात तयार होण्याच्या दिवसांत. नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत.

विकण्याविषयी. १९७० च्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली, आणि जिव्या सोमा मशे यांनी बायकांच्या हातची ही कला स्वतःच्या प्रतिभेने जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हापासून अनेक वारली घरे या कलेवर उभी राहिली आहेत, त्यामुळे विकणे म्हणजे विटाळ असे मानण्याचे कारण नाही. मात्र २०१४ पासून वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या नावाला मिळालेले कायदेशीर संरक्षण, आहे, तेव्हा तुमच्या कामाला ‘अस्सल वारली’ म्हणणे योग्य नव्हे. माझा सल्ला विचाराल तर नाच, शेती, झाडे हे विषय तुम्ही आपल्या कामापुरते घ्यावेत, पालघटाला कुर्त्यावर आणू नये, आणि मोठे काम आले तर त्यातला वाटा एखाद्या वारली चित्रकर्तीकडे द्यावा.

प्रश्न : मी स्वतः वारली आहे. डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर वाढले, आता मुंबईत वसतिगृहात राहून परिचारिकेचे शिक्षण घेते. मैत्रिणी ‘तुमचे निसर्गाशी किती सुंदर नाते’ म्हणतात तेव्हा मला अवघडायला होते, कारण मला त्यातले काहीच सांगता येत नाही. आजी रानात कंद काढायला जायची तेव्हा कंद खणून झाल्यावर वेलाचे डोके पुन्हा खड्ड्यात ठेवायची, पायाने माती दाबायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. ते काय होते हे मी कधी विचारले नाही. आता आमचे हे सगळे संपणार का?

उत्तर : तुमचे पत्र मी बऱ्याच वेळा वाचले. तुम्हाला काहीच सांगता येत नाही असे तुम्ही लिहिता, आणि पुढच्याच वाक्यात जे लिहिता ते या सदरात मी लिहिलेल्या सगळ्यापेक्षा नेमके आहे.

वेलाचे डोके परत लावले की पुढच्या पावसाळ्यात तिथेच वेल फुटतो, हे कोणालाही समजण्यासारखे आहे. पण तेवढ्यासाठी ओठ हलवण्याची गरज नव्हती. ते शब्द मला माहीत नाहीत आणि अंदाजाने सांगणे बरे नव्हे. ते तुमच्या आजीचे आहेत. क्षमा मागणे असेल, पुढच्या वर्षाचे आमंत्रण असेल, कदाचित आपल्या आजीकडून तिने ऐकलेले एखादे नाव असेल.

मैत्रिणींपुढे तुम्हाला अवघडते यात तुमची चूक नाही. ‘सुंदर नाते’ हे शब्द तुमच्या घरचे नाहीत. तुमच्या घरी कष्ट होते, कंद हा भुकेच्या महिन्यांतला आधार होता, आणि कडूकंद असेल तर त्याच्या चकत्या शिजवून वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा काढण्यात दिवस जात होते. शेवळे ही रानभाजी शिजवताना काकड हे आंबट फळ घातले नाही तर घसा खाजतो हे ज्या घरात मुलींना जन्मापासून माहीत असते, त्या घरचे ज्ञान मैत्रिणींच्या कौतुकात मावत नाही. त्यांना हे कष्टही सांगा. ऐकणारी खरी मैत्रीण असेल तर ती पुढचा प्रश्न विचारील.

संपणार का, असे तुम्ही विचारता. गाणी गाणाऱ्या धवलेरी कमी झाल्या आहेत, घांगळी वाजवणारे तर बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि तुमची बोली शाळेत कोणी शिकवत नाही. हे मी लपवणार नाही. पण तुम्ही परिचारिका होत आहात, आणि तुमच्या आजीच्या पिढीच्या म्हाताऱ्या बाया उद्या दवाखान्यात आल्या तर त्यांच्या बोलीत त्यांना ‘कुठं दुखतं’ असे विचारणारी तुम्हीच असाल. भगताने, म्हणजे पाड्यावरच्या वैदू-मांत्रिकाने, दिलेले औषध तुमच्यापासून त्या लपवणार नाहीत, आणि ते लपवले गेले नाही तर त्यांच्यावरचे उपचारही अधिक नीट होतील. तुमच्या आजीच्या जगाला तुमच्या शिक्षणात जागा नाही असे समजू नका.

आजी हयात आहे की नाही हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. असेल तर पाऊस सरल्यावर, वेल सुकू लागले की, सुट्टी काढून घरी जा. तिला घरात बसवून विचारू नका. प्रश्न विचारला की म्हाताऱ्या माणसांना आठवत नाही. तिच्यासोबत रानात जा, खणायची कुदळ तुम्ही घ्या, आणि डोके खड्ड्यात ठेवण्याची वेळ आली की ते तिच्या हातात देऊन शेजारी बसा. ती नसेल तर तिच्या बरोबरीने रानात जाणारी कोणी मावशी, आत्या पाड्यावर नक्की असेल. जे ऐकाल ते तुमच्या बोलीतच लिहून ठेवा, मराठीत आणू नका. आणि त्या बाईने ‘हे बाहेर सांगायचे नाही’ असे म्हटले, तर ते मलाही कळवू नका.